बंगल्याच्या आवारातला स्विमिंग पूल: आधी जमीन ओळखा, मग मटेरियल ठरवा

पूल बांधायचं ठरलं की घरात पहिली चर्चा टाइल्सच्या रंगाची होते. निळ्या घ्यायच्या की हिरव्या, काचेचं मोझॅक की मोठ्या लाद्या. कॅटलॉग उघडतात, मोबाइलवर फोटो फिरतात आणि अर्ध्याहून अधिक बजेट मनातल्या मनात त्या फिनिशवर खर्च होऊन जातं. माझं ठाम मत आहे की हा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. पूल पंधरा-वीस वर्षं टिकणार की दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागणार, हे तीन गोष्टी ठरवतात: प्लॉटची माती, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी किती वर येतं, आणि या दोन्हींना पुरून उरेल असं कवच, म्हणजे पुलाचा तळ आणि भिंती, तुम्ही निवडलंय का. टाइल बदलता येते. कवच चुकलं तर पूल फोडून परत बांधावा लागतो.

पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून एकच माप डोळ्यांसमोर ठेवू: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. पुणे, नाशिक, कर्जत, अलिबाग भागांत बंगल्यामागे किंवा फार्महाउसवर साधारण याच्या आसपासचे पूल होतात. यात ४८,००० लिटर पाणी बसतं, म्हणजे ४८ टन. टँकरच्या भाषेत १०,००० लिटरचे पाच टँकर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली पायरी: चाचणीचा खड्डा

पुलाची जागा नक्की झाली की जेसीबी बोलावून पुलाच्या तळापेक्षा अर्धा-पाऊण मीटर खोल खड्डा घ्या. एक नको, दोन घ्या, जागेच्या दोन टोकांना. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि एवढ्या कमी पैशांत इतकी माहिती दुसरीकडून मिळत नाही. खड्ड्याच्या भिंतीवर थर स्पष्ट दिसतात: वर काळी माती किती, खाली मुरूम कुठे सुरू झाला, कातळ लागला का, कुठून पाझर येतोय का.

महाराष्ट्रात साधारण चार प्रकार भेटतात.

काळी माती हा सर्वांत अवघड प्रकार. बेसॉल्ट झिजून तयार झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. पुलाच्या भिंतीला ती पावसाळ्यात आत ढकलते आणि उन्हाळ्यात सोडून देते, वर्षानुवर्षं.

मुरूम म्हणजे पूल बांधणाऱ्याचं नशीब. दाबला की बसतो, फुगत नाही, पाणी निचरतं. डेक्कनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी थोडी काळी माती काढली की खाली मुरूम लागतो.

कातळ पायाला उत्तम, फक्त खणायला महाग, कारण ब्रेकर लावावा लागतो. इथे पूल पूर्ण खाली न नेता अर्धा जमिनीच्या वर काढणं शहाणपणाचं ठरतं. पायऱ्या आणि बसायचा कट्टा करून तो छानही दिसतो.

कोकणातला जांभा घट्ट दिसतो, चिऱ्याची घरं शंभर वर्षं उभी असतात, पण तो सच्छिद्र आहे. पाणी त्यातून आडवं धावतं. मे महिन्यात खडखडीत कोरडा असलेला खड्डा जुलैमध्ये एका रात्रीत भरलेला दिसतो.

लोणावळा, मुळशी, पानशेतकडच्या उतारावरच्या प्लॉटवर आणखी एक धोका असतो. डोंगराकडची बाजू कापलेली आणि दरीकडची बाजू भरावाची. पूल अर्धा खडकावर आणि अर्धा भरावावर बसला तर भरावाकडचा भाग खचतो आणि बरोब्बर सांध्यावर तडा जातो. अशा ठिकाणी एक तर पूल पूर्णपणे कापलेल्या भागात सरकवा, नाहीतर भरावाकडचा भार खांबांनी खालच्या पक्क्या थरावर न्या. भराव रोलरने दाबलाय, आता काही होणार नाही, असं सांगणाऱ्या कंत्राटदारावर या बाबतीत विसंबू नका.

मातीचा संशय असेल तर एक साधी चाचणी घरीही करता येते. प्रयोगशाळेत हीच 'फ्री स्वेल' म्हणून करतात. माती पूर्ण वाळवा, कुटा, बारीक चाळणीने चाळा. १०० मिलिलिटरच्या खुणांच्या दोन काचेच्या नळ्या घ्या आणि दोन्हींत १०-१० ग्रॅम माती टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास तशाच ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलच्या नळीत माती १२ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत असेल आणि पाण्याच्या नळीत १८ पर्यंत, तर ती ५० टक्के फुगली. ५० टक्क्यांच्या वर गेली की स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. १०० च्या वर गेली तर त्या मातीला पूल थेट टेकवायचाच नाही.

काळ्या मातीवर उपाय आहेत. पुलाच्या खालची आणि चारी बाजूंची काळी माती काढून तिथे मुरूम भरायचा, १५-२० सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि दाबून. तळाखाली निदान एक मीटरचा थर तरी असावा. त्यावर पुलाभोवती मीटर-दीड मीटरचा फरशीबंद पट्टा करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीलगत मुरणार नाही. मातीतली ओल वर्षभर सारखी राहिली की फुगणं-आकसणं कमी होतं. काळी माती तीन-चार मीटर खोल असेल तर हा खर्च फार वाढतो. मग पूल वर काढणं किंवा जागा बदलणं याचा गंभीरपणे विचार करा.

दुसरी पायरी: ऑगस्टमध्ये पाणी कुठे असतं?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, कारण जागा बघायला सगळे हिवाळ्यात जातात. शेजारच्या विहिरीवर जा आणि घरच्या जुन्या माणसाला विचारा: नागपंचमी ते गणपतीच्या दिवसांत पाणी किती पायऱ्या खाली असतं? नाहीतर चाचणीच्या खड्ड्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करून खड्डा बुजवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पाइपात टेप सोडली की पातळी कळते. ज्यांना थांबायला वेळ आहे, त्यांनी हेच करावं.

हे एवढं महत्त्वाचं का? आपल्या मापाच्या पुलाचा हिशोब करून बघू. २० सेंटिमीटर जाडीचा तळ आणि तेवढ्याच जाडीच्या भिंती धरल्या तर सुमारे १५ घनमीटर काँक्रीट लागतं. घनमीटरला अडीच टन, म्हणजे रिकाम्या पुलाचं वजन ३७ टन. आता समजा बाहेरचं भूजल पुलाच्या काठापर्यंत आलं. पुलाच्या बाहेरच्या मापाने तो जवळपास ६३ घनमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे खालून ६३ टनांचा रेटा. पूल भरलेला असेल तर आतल्या ४८ टन पाण्यामुळे तो जागचा हलत नाही. रिकामा असेल तर रेटा वजनापेक्षा २६ टन जास्त. एवढा जड काँक्रीटचा पूल सांध्यातून तडकतो किंवा एका बाजूने उचलला जातो. याच हिशोबाने, भूजल काठाच्या सुमारे ७० सेंटिमीटर खाली आलं की रिकामा पूल तोलावर येतो.

फायबरचं कवच तर टन-दोन टनांचं. त्याच्या तळावर चार बोटं पाणी चढलं तरी रिकामं कवच तरंगायला लागतं.

म्हणून किनारपट्टीवर, भातखाचरांच्या शेजारी, नदीकाठी आणि कोकणात सगळीकडेच तीन गोष्टी मुळातच डिझाइनमध्ये हव्यात. तळाखाली खडीचा निचरा-थर. मेन ड्रेनमध्ये, म्हणजे तळातल्या पाणी ओढणाऱ्या तोंडात, हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह, जो बाहेरचा दाब वाढला की उघडतो आणि भूजल आत घेऊन दाब उतरवतो. आणि पुलाच्या बाजूला, खडीच्या थरापर्यंत जाणारा १५० मिलिमीटरचा उभा पाइप, ज्यातून पातळी बघता येते आणि गरज पडल्यास पंप सोडून पाणी उपसता येतं. यातला पाइप सर्वांत स्वस्त, आणि कोटेशनमधून गाळला जातो तोही हाच. आवर्जून लिहून घ्या.

तिसरी पायरी: कवच कशाचं?

*आरसीसी,* म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. महाराष्ट्रात खाजगी पूल बहुतेक याच पद्धतीने होतात आणि माझी पहिली पसंतीही हीच. हवा तो आकार, हवी ती खोली, गावोगावी मिळणारी सळई-सिमेंट, आणि दुरुस्तीला माणूस मिळतो. पण पुलाचं आरसीसी म्हणजे स्लॅबचं आरसीसी नव्हे. पाणी धरून ठेवणाऱ्या बांधकामांसाठी 'आयएस ३३७०' हे वेगळं मानक आहे आणि इंजिनिअरने डिझाइन त्यानुसारच केलं पाहिजे. घराचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला पहिल्याच भेटीत हे विचारा. त्याने दोन्ही अवस्था तपासलेल्या असाव्यात: पूल भरलेला आणि बाहेर माती नाही, पूल रिकामा आणि बाहेर ओली माती व पाणी.

काँक्रीट एम३० ग्रेडपेक्षा कमी नको, आणि शक्यतो आरएमसीचं, म्हणजे प्लांटमधून तयार येणारं घ्या. साइटवर मिक्सर लावून पाटीपाटीने ओतलेल्या काँक्रीटमध्ये पाण्याचं प्रमाण कोणाच्याच हातात राहत नाही. मिश्रण पातळ केलं की गवंड्याचं काम सोपं होतं आणि पूल गळका होतो. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत ठेवायला सांगा. भिंतीत सळईची जाळी दुहेरी हवी, आतून एक, बाहेरून एक. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर, काँक्रीटच्या कव्हर ब्लॉकने धरलेलं. सळईखाली खडीचे तुकडे सरकवून काम चालवणारे मिस्त्री आजही दिसतात. ओतकामाच्या दिवशी सकाळी स्वतः खाली उतरून बघा.

गळती सपाट भिंतीतून क्वचितच होते. ती होते सांध्यातून आणि भोकांतून. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पीव्हीसी वॉटर स्टॉपची पट्टी सलग बसवलेली हवी, कोपऱ्यात तुकडे नुसते शेजारी न ठेवता तापवून जोडलेले. शटरिंगच्या दोन बाजू बांधायला भिंतीतून आरपार तार किंवा पाइप घालतात, ती प्रत्येक जागा उद्याचं भोक आहे. मधे चकती असलेले टाय रॉड वापरायला लावा. स्किमर (पृष्ठभागावरचा कचरा ओढणारा डबा), इनलेट (पाणी आत सोडणारं तोंड), दिव्याचे डबे आणि मेन ड्रेन हे काँक्रीट ओतण्याआधीच जाळीत बांधलेले असावेत. नंतर भिंत फोडून पाइप घालणं आणि भोवती सिमेंट भरणं, ही गळतीची हमी आहे.

गोलाकार किंवा वळणदार आकार हवा असेल तर शॉटक्रीट बघा. यात नळीने दाबाखाली काँक्रीट जाळीवर फवारतात, त्यामुळे आतलं शटरिंग लागत नाही आणि तळ-भिंत एकसंध होते. मात्र सगळा खेळ नळी धरणाऱ्याच्या हातावर आहे. सळईमागे पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही. त्या टीमचे चार-पाच वर्षं जुने पूल बघितल्याशिवाय काम देऊ नका.

समुद्राजवळ, अलिबाग, मुरूड, गुहागर, मालवण पट्ट्यात, खारं भूजल आणि खारी हवा सळई खातात. तिथे स्लॅग सिमेंट घ्या, सळई गंजरोधक किंवा इपॉक्सी कोटिंगची घ्या, कव्हर इंजिनिअरला विचारून वाढवा. समुद्राची किंवा खाडीची वाळू कामात येता कामा नये. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात, तर माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी हे परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहेत. खोदकामाआधी परवानगीचं बघून घ्या.

*फायबरग्लास,* म्हणजे एफआरपीचं तयार कवच. कारखान्यात साच्यात बनतं, ट्रकवर येतं, क्रेनने खड्ड्यात उतरतं. जमीन चांगली असेल तर दोन-तीन आठवड्यांत पोहता येतं. आतला जेलकोट, म्हणजे सर्वांत वरचा चकचकीत थर, गुळगुळीत असतो, शेवाळ कमी धरतं, पायाला टोचत नाही. लहान मुलांच्या घरात हा मोठा गुण आहे.

घेताना रेझिन विचारा. पाण्याच्या बाजूच्या थराला व्हिनाइल एस्टर असेल तर फोड येण्याचा धोका कमी. सगळं साध्या पॉलिएस्टरमध्ये असेल तर काही वर्षांत जेलकोटखाली पाणी शिरून बारीक फोड येऊ शकतात. दुसरा प्रश्न वाहतुकीचा. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर. चार मीटर रुंदीचं कवच म्हणजे ओव्हर-डायमेन्शन माल. त्याला वेगळी परवानगी लागते, घाटरस्ता असेल तर आणखी अडचण, आणि शेवटच्या दोन किलोमीटरवर झाडाची फांदी, विजेची तार, गावातली कमान यांपैकी काहीही गाडी अडवू शकतं. ऑर्डर देण्याआधी फाट्यापासून गेटपर्यंत टेप घेऊन चाला. क्रेनचे पाय टेकवायला पक्की जागा आहे का, हेही त्याच फेरीत बघा.

बसवताना एकच नियम काटेकोर पाळायचा: आत पाणी आणि बाहेर भराव बरोबरीने वर न्यायचे, ३० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी. भरावाला खोदलेली माती न वापरता स्वच्छ बारीक खडी किंवा कच वापरा. आणि एकदा भरलेला फायबरचा पूल पावसाळ्यात कधीही रिकामा करू नका. भूजल वर येणाऱ्या जागी आणि खोल काळ्या मातीत मी फायबर सुचवणार नाही. मुरमाच्या कोरड्या जमिनीवर, सहा-सात मीटरपर्यंतच्या पुलासाठी मात्र तो उत्तम पर्याय आहे.

*पॅनेल आणि लायनर.* गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या किंवा पॉलिमरच्या पॅनेलची भिंत उभी करायची, तळाला कोबा, आणि आत पीव्हीसीचं लायनर. साधं लायनर पाऊण मिलिमीटरचं असतं, त्याचं आयुष्य साधारण आठ-दहा वर्षं. जाळीदार मजबुतीचं दीड मिलिमीटरचं मेम्ब्रेन जागेवरच गरम हवेने जोडतात, ते जास्त टिकतं. या मेम्ब्रेनचा माझ्या मते खरा उपयोग जुने गळके पूल वाचवण्यात आहे. काँक्रीटचे बारीक तडे शोधत बसण्यापेक्षा आतून सलग मेम्ब्रेन लावलं की प्रश्न मिटतो. नवीन कामात कुत्र्याची नखं, पुलात पडलेली खुर्ची आणि घुशी हे लायनरचे वैरी. शेतालगतच्या फार्महाउसवर घुशींचा उपद्रव असतोच. तिथे बाहेरून काँक्रीटचा पट्टा केल्याशिवाय हा पर्याय घेऊ नका.

ज्या दोन गोष्टी करूच नयेत त्याही सांगतो. पहिली, वीटकामाच्या भिंतींना वॉटरप्रूफ गिलावा करून बनवलेला पूल. स्थानिक गवंडी तो स्वस्तात करून देतो. पण वीटकाम ताण घेत नाही. मातीचा रेटा आतून-बाहेरून बदलत राहिला की आडव्या भेगा पडतात आणि गिलावा कितीही चांगला असला तरी तो भेगेबरोबर फाटतो. दुसरी, शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरून केलेला पूल. राज्यात हजारो शेततळी या कागदामुळे पाणी धरतात, त्या कामाला तो योग्यच आहे. पोहायला मात्र तो जीवघेणा ठरू शकतो: उतरत्या बाजू, ओला निसरडा कागद, आणि पडलेल्या माणसाला वर चढायला कुठेच पकड नाही. शेततळ्यांत बुडून गेलेल्या मुलांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तिथे मुलांना पोहायला सोडू नका आणि असा पूल बांधू नका.

भाड्याचं घर असेल, किंवा फक्त मे महिन्यात नातवंडांसाठी हवा असेल, तर जमिनीवर उभा करायचा लोखंडी फ्रेमचा पूल आणा, पावसाळ्याआधी घडी करून ठेवा. फक्त जागा सपाट आणि पक्की हवी. गच्चीवर ठेवायचा असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, कारण ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो.

चौथी पायरी: वॉटरप्रूफिंग, आणि त्याआधीची परीक्षा

आरसीसीचं कवच तयार झालं, किमान १४ दिवस पाणी मारून झालं, काँक्रीटने २८ दिवसांची ताकद घेतली. आता लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. बाहेरचा भराव अजून घालू नका आणि पूल भरा. आठवडाभर तसाच ठेवा. बाहेरून भिंती उघड्या असल्याने ओल कुठे आली ते स्पष्ट दिसतं. डाग दिसेल तिथे खडूने गोल करा, तारीख लिहा, फोटो काढा. नंतर पूल उपसून त्या जागा फोडून दुरुस्त करा. वॉटरप्रूफिंग हा पूरक थर आहे; गळकं काँक्रीट लपवण्यासाठी तो वापरला तर काही वर्षांत गळती परत वर येते.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग. तळाखाली आणि भिंतीबाहेर खरखरीत फरशी लावून मधली जागा सिमेंट स्लरीने भरायची. भूजल बाहेरून दाबत असेल तिथे आजही ती चांगली चालते, पण ती काँक्रीटच्या आधी आणि बरोबरीने करावी लागते, मागाहून जोडता येत नाही. आतून पॉलिमरयुक्त सिमेंटचं दोन घटकांचं कोटिंग द्या, दोन हात, एकमेकांना आडवे-उभे. कोपऱ्यात आधी गोलाई काढून जाळीची पट्टी बसवा. डांबराचं कोटिंग आतून नको, त्यावर टाइल धरत नाही. कोटिंग वाळल्यावर पुन्हा एकदा पाणी भरून बघा, आणि मगच बाहेरचा भराव आणि आतली टाइल.

पाचवी पायरी: आतलं फिनिश

आता टाइल्सचा कॅटलॉग काढा. दुकानात टाइल उलटी करा आणि पाठीवर थोडं पाणी टाका. लगेच शोषलं गेलं तर ती भिंतीची साधी ग्लेझ्ड टाइल आहे, पुलात नको. पुलाला व्हिट्रिफाइड टाइल हवी, जिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते. साध्या भिंतीच्या टाइलची दहा टक्क्यांहून जास्त असू शकते. पायऱ्यांवर आणि उथळ भागात पकड असलेली टाइल घ्या. पाय ठेवायच्या कडेला वेगळा रंग द्या, पाण्याखाली पायरीची कड दिसत नाही.

काचेचं मोझॅक सुंदर दिसतं आणि पाणी अजिबात शोषत नाही. त्याचे तक्ते दोन प्रकारचे असतात: मागून जाळी चिकटवलेले आणि समोरून कागद चिकटवलेले. पुलासाठी कागदवाले घ्या. जाळीचा गोंद पाण्याखाली मऊ पडला तर तुकडे सुटतात. समोरचा कागद मोझॅक लावून झाल्यावर निघून जातो आणि तुकड्याची पूर्ण पाठ अॅडेसिव्हला (टाइल चिकटवायच्या मिश्रणाला) धरते. अॅडेसिव्ह पांढरंच घ्या, काचेतून करडा रंग दिसतो.

टाइल कुठलीही असो, सिमेंटच्या साध्या मालावर लावू देऊ नका. पुलासाठी सांगितलेलं पॉलिमरयुक्त अॅडेसिव्ह, खाचेदार कर्णीने पसरून, टाइलची पूर्ण पाठ भरेल असं. ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या फटी भरायचं मिश्रण, इपॉक्सीचं. ते महाग आहे, लावायला किचकट आहे, पण सिमेंटचं ग्राउट क्लोरिनच्या आणि आम्लाच्या पाण्यात झिजतं आणि दोन-तीन वर्षांत रेघा काळ्या पडतात. काम झाल्यावर लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर पाणी भरण्याआधी ती काढायला लावा.

बजेट ताणलं असेल तर टाइल टाळून पांढरं सिमेंट आणि संगमरवरी पावडरीचं फिनिश करता येतं. दहा-एक वर्षांनी ते परत करावं लागतं. इपॉक्सी रंग त्याहून स्वस्त, पण तीन-चार वर्षांनी सोलायला लागतो. मला विचाराल तर पाण्याच्या रेषेवर एक फुटाची टाइलची पट्टी आणि खाली मार्बल प्लास्टर, हा मेळ कमी पैशांत चांगला जमतो. तेलकट रेघ टाइलवरून पुसता येते, प्लास्टरवरून निघत नाही.

काठाला गुळगुळीत पॉलिश केलेला दगड लावू नका. कोटा, शहाबादी, ग्रॅनाइट सगळे चालतात, फक्त पृष्ठभाग खरखरीत किंवा फ्लेम फिनिश हवा. काळा कडप्पा फोटोत उठून दिसतो, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवणं अशक्य होतं. फिकट रंग घ्या.

सहावी पायरी: तुमचं पाणी मटेरियलला झेपेल का?

पठारावरचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते काचेवर, टाइलवर आणि हीटरमध्ये पांढरा थर धरतं. काही भागांत लोह असतं. क्लोरिन टाकताच पाणी तांबूस होतं आणि पांढऱ्या प्लास्टरवर कायमचे डाग पडतात. फिनिश ठरवण्याआधी बोअरच्या पाण्याची कठीणता, लोह आणि क्षार तपासून घ्या. लोह असेल तर पांढरं प्लास्टर विसरा. उलट, साठवलेलं पावसाचं पाणी फार मऊ असतं. ते कॅल्शियम शोधत ग्राउट आणि प्लास्टर खातं, म्हणून त्यात कठीणता वाढवावी लागते. पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळं क्लोरिन १ ते ३ पीपीएम राखलं तर कुठलंही चांगलं फिनिश टिकतं.

मिठाचं क्लोरिनेटर बसवणार असाल तर लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम मीठ लागतं, आपल्या पुलात १७० किलोच्या आसपास. या पाण्याचे शिंतोडे सच्छिद्र दगडावर सुकले की दगडाचे पापुद्रे निघतात. अशा पुलाला काठ ग्रॅनाइटचा ठेवा आणि शिडी-कठडे ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्राजवळ तर मीठ टाका न टाका, ३१६ च हवं.

पाणी कमी होतंय, गळतंय की वाफ होतेय, असा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात पडतो. मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर वाफ होणं सहज शक्य आहे, आपल्या पुलात ते २५० लिटर. बादली पुलाच्याच पाण्याने भरून पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर ती वाफ. पुलाची पातळी जास्त उतरली तर गळती आहे.

कामाचं वेळापत्रक आणि कोटेशन

खोदकाम दिवाळीनंतर सुरू करा. डिसेंबरअखेर कवच, जानेवारीत क्युरिंग (काँक्रीटला पाणी मारणं) आणि पाण्याची परीक्षा, फेब्रुवारीत वॉटरप्रूफिंग, मार्चमध्ये टाइल. परीक्षेसाठी पाच टँकर पाणी लागतं आणि ते दोनदा लागू शकतं. मार्च-एप्रिलमध्ये टँकर मिळणं अवघड आणि गावात पाणीटंचाई असताना मागणंही बरोबर नाही. उपसलेलं पाणी बागेला किंवा पुढच्या साठवण टाकीत घ्या. मेमध्ये खणून जूनमध्ये उघडा खड्डा सोडणं हा सर्वांत वाईट क्रम. भिंती ढासळतात आणि तळ चिखल होतो.

कोटेशनमध्ये या गोष्टी शब्दांत लिहून घ्या: काँक्रीटची ग्रेड, भिंतीची आणि तळाची जाडी, सळईचा व्यास आणि अंतर, वॉटर स्टॉप, रिलीफ व्हॉल्व्ह, उभा पाइप, दोन वेळा पाण्याची परीक्षा, अॅडेसिव्ह आणि ग्राउटचा प्रकार. खाली दोन मेन ड्रेन, एकमेकांपासून किमान ९० सेंटिमीटर अंतरावर हवेत, म्हणजे एकाच जाळीवर केस किंवा हात ओढला जाऊन माणूस अडकणार नाही. दिवे १२ व्होल्टचे, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन बंद करणारा स्विच), आणि भोवती निदान १.२ मीटर उंचीचं, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण, हे त्याच कागदावर असू द्या.

पैशांचे हप्ते पाण्याच्या परीक्षेशी बांधा: पहिली परीक्षा झाल्यावर एक, टाइलनंतर एक, आणि शेवटचे दहा टक्के एक पूर्ण पावसाळा गेल्यावर. काँक्रीट ओतण्याआधी सळई आणि पाइपलाइनचे फोटो काढून, त्यावर काठापासूनची मापं लिहून ठेवा. पुढे कधी इनलेट गळला किंवा दिवा बदलायचा झाला तर कुठे फोडायचं, हे मिस्त्रीला त्या फोटोंवरूनच कळेल.